दुपारी चढणारा ओढा



आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. हा दुष्काळी भाग. मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो आणि शाळेच्या पत्र्याखाली बसवत नाही. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात आम्ही मनालीला जायचं ठरवलं, तेव्हा माझ्या लेकीला स्वेटरचंच अप्रूप वाटलं. तिने नुकतीच पाचवीची परीक्षा दिली होती.

"आई, किती स्वेटर घेऊ?"

"एक पुरे गं! उन्हाळाच आहे तिथेसुद्धा," मी म्हटलं.

ही माझी पहिली चूक. दुसरी याहून मोठी होती. तीही सांगणार आहे, पण जरा पुढे.

चंदीगडहून रात्रीच्या बसने आम्ही सकाळी मनालीला पोहोचलो. हे गाव हिमाचल प्रदेशात, कुल्लू खोऱ्याच्या वरच्या टोकाला, बियास नदीच्या काठी आहे. उंची सुमारे २,०५० मीटर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही सहाशे-सातशे मीटर जास्त! दोन्ही बाजूंना देवदारांचे उंच डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव.

अशा खोऱ्यातला दिवस वेगळाच असतो, बरं का! सकाळी चांगलं उजाडलं तरी ऊन अंगणात येत नाही, कारण सूर्याला आधी डोंगर चढून यावं लागतं. तोवर दात वाजतात. दुपारी मात्र अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो. उंचावर हवा विरळ, त्यामुळे ऊन चटकन भाजतं. दोन दिवसांत लेकीच्या नाकाचं साल निघालं. आणि संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला रे गेला, की पुन्हा हुडहुडी. एका दिवसात तीन ऋतू! एकुलता एक स्वेटर पहिल्याच दिवशी पावसात भिजला आणि माझी शाल तिच्या अंगावर गेली.

आता एक गणित सोडवा पाहू. दर १,००० मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. मनालीच्या वरची रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. मनालीत २० अंश तापमान असेल, तर रोहतांगला किती? उत्तर येतं साडेसात अंशांच्या आसपास. वारा सुटला तर त्याहून जास्त गारठा वाटतो. म्हणून डोंगरात 'आज हवा कशी आहे?' एवढं विचारून भागत नाही. 'किती वाजता?' आणि 'किती उंचीवर?' हेही विचारावं लागतं.

आम्ही जुन्या मनालीत एका घरी उतरलो होतो. तिथली जुनी घरं पाहण्यासारखी आहेत. देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई, अशा भिंती असतात. त्या बांधणीला 'काठकुणी' म्हणतात. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब वरच्या मजल्याला मिळते.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या होत्या. चुलीपुढे बसून त्यांनी आम्हाला तिथलं अख्खं वर्ष सांगितलं. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ. रात्रीचं तापमान शून्याच्या खाली. आपल्याकडे हिवाळा कोरडा, मग तिथे बर्फ कुठून येतो? भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे वारे ओलावा घेऊन येतात. त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. मकरसंक्रांतीनंतर जवळच्या गोशाळ आणि आसपासच्या काही गावांत ४२ दिवस टीव्ही, रेडिओ बंद आणि शेतात कुदळही मारत नाहीत. देव स्वर्गात गेलेत, त्यांना शांतता हवी, अशी श्रद्धा आहे. एप्रिलमध्ये सफरचंदाला पांढरी-गुलाबी फुलं येतात. मे-जूनमध्ये आपल्यासारखे पाहुणे! जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळा आणि दरडींची भीती. सप्टेंबरच्या अखेरीपासून आभाळ स्वच्छ, दूरची शिखरं लख्ख, आणि रात्री पुन्हा गारठा.

"पण आता बर्फाचा नेम राहिला नाही," बाई म्हणाल्या. सफरचंदाच्या झाडाला हिवाळाभर भरपूर थंडी लागते, नाहीतर ते नीट फुलत नाही. म्हणूनच बागा हळूहळू वर वर चालल्या आहेत. पूर्वी जिथे सफरचंदासाठी फार थंडी होती, त्या लाहौल भागातही आता बागा दिसतात.

आता ती दुसरी चूक.

गावाशेजारून मनालसू नावाचा ओढा वाहतो आणि पुढे बियासला मिळतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. पाणी बर्फासारखं गार, पण जेमतेम घोट्याएवढं. लेक मधल्या एका मोठ्या सपाट दगडावर जाऊन बसली. जेवण करून दुपारी पुन्हा तिथेच जायचा तिने हट्ट धरला. आभाळ निळंशार, ढगाचा टिपूस नाही. मी काठावर पुस्तक वाचत बसले. लेक त्याच दगडावर खडे मांडत होती.

इतक्यात वरच्या वाटेने गवताचा भारा घेऊन घरमालकीणबाई येत होत्या. त्या भारा टाकून ओरडतच खाली उतरल्या, "मुलीला काढा! पाणी चढतंय!"

मला काहीच कळेना. पाऊस नाही, पाणी कसं चढेल? पण त्यांचा आवाज असा होता, की मी पुस्तक टाकलं आणि पाण्यात उतरले. सकाळी घोट्याला असलेलं पाणी आता गुडघ्याशी आलं होतं. रंगही बदलला होता, गढूळ राखाडी. पाय टिकेनात. बाईंनी काठावरून माझा एक हात घट्ट धरला, दुसऱ्या हाताने मी लेकीला ओढून घेतलं. काठावर आल्यावर तिघीही काही वेळ बोललो नाही. तासाभराने पाहिलं, तर तो सपाट दगड पाण्याखाली गेला होता.

मग बाईंनी समजावलं. उन्हाळ्यात दिवसभराच्या उन्हाने वरचं बर्फ वितळतं. ते पाणी खाली यायला काही तास लागतात. म्हणून ओढा पहाटे सर्वांत लहान आणि दुपारनंतर मोठा. ऊन जितकं कडक, तितकं पाणी जास्त!

मुलांनो, मला फार लाज वाटली. 'बर्फ वितळून हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी असते,' हे वाक्य मी किती वर्षं वर्गात शिकवते आहे! परीक्षेत विचारते, गुण देते. पण ते पाणी समोर आलं, तेव्हा मला ओळखता आलं नाही. कधीही शाळेत न गेलेल्या त्या बाईंना आलं.

त्या म्हणाल्या, "हे तर काहीच नाही." जुलै २०२३ मध्ये पश्चिमी विक्षोभ आणि मोसमी वारे एकाच वेळी येऊन भिडले. दोन-तीन दिवस असा पाऊस कोसळला, की बियासने कुल्लू-मनाली रस्त्याचे तुकडेच्या तुकडे ओढून नेले. ती नदी त्यांनी पाहिली होती.

परतण्याआधी आम्ही अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला गेलो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. आत शिरताना हिरवेगार डोंगर, आणि बाहेर पडलो तर काय! उघडेबोडके, मातकट. लेक खिडकीतून ओरडली, "आई, हे तर आपल्या माणसारखंच आहे!"

अगदी बरोबर! पावसाळी ढग डोंगर चढताना अलीकडेच रिते होतात. सह्याद्रीमुळे महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या माणला पाचशेच्या आसपास, तसंच हे. पण लाहौलचे लोक वितळत्या बर्फाचं पाणी पाटाने आणून बटाटा, वाटाणा पिकवतात. आमच्या डोंगरावर बर्फ नाही, आम्हाला पावसाचा थेंबच अडवावा लागतो.

पालकांनो, डोंगरात जाताना एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, सोबत रेनकोट ठेवा. रस्ता बंद पडला तर म्हणून एक दिवस जादा हाताशी ठेवा. आणि मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारा.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. तुमच्या गावातल्या ओढ्याला पाणी कधी चढतं, वारा कुठून आला की पाऊस येतो, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माझ्या वर्गातल्या मुलांनी अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर माझ्या लेकीने तो सपाट दगड काढला आहे. अर्धा पाण्याखाली.