बुबुळाच्या काठाशी

तिगावच्या एका बागेत हिंडत असता, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा ‘डोळा’ बांधतात, असे एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला सांगितले. त्या शब्दाने मी चपापलो. मला माझ्या धाकट्या भावाचा डोळा आठवला.

आमचे घर गोव्याचे. भाऊ चार वर्षांचा असताना आजोबांच्या पानाच्या तबकातील चुन्याची डबी उघडताना चुना त्याच्या उजव्या डोळ्यात उडाला. डबी मी त्याच्या हाती दिली होती. ‘दोळ्यांची जतनाय घे’ असे आजी रोज बजावी. पण त्या दिवशी अंगणात विहीर असूनही डोळा तत्काळ पाण्याने धुवावा, हे कोणालाच सुचले नाही. (तंबाखूच्या चुन्याची पुडी आपल्याही घरी असेलच, धुण्याचे तेवढे विसरू नका.)

डोळ्यावर पांढरी सारा धरली. पुढे मोठेपणी दात्याचे स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, त्याला बसवण्यात आले. वर्षभरात तेही गढूळ झाले. परक्याचा डोळा लाभत नाही, असे घरचे म्हणू लागले. मी कला शाखेचा पदवीधर, मलाही ते पटले.

खरे कारण पुष्कळ उशिरा, विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने दिलेल्या पुस्तकातून कळले. किरणोत्सर्गी अणू आपल्या साध्या भावंडांसारखाच वागतो, म्हणून शरीर त्याला निराळा ओळखत नाही. मात्र जाईल तिथून किरण सोडून तो आपला ठावठिकाणा सांगतो. ही युक्ती हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाची. १९४३ सालचे नोबेल पारितोषिक तिच्यासाठीच त्याला मिळाले. आता, पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनए या न्यूक्लिइक अम्लाची दुसरी प्रत तयार करते, व त्यासाठी तिला थायमिडीन लागते. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ट्रिटियम घातले, की त्या वेळी डीएनए घडवणाऱ्या पेशींवरच शिक्का उमटतो. ट्रिटियमचे किरण फार दुबळे. त्यामुळे डोळ्याच्या पातळ कापावर छायाचित्रणाचा लेप देऊन तो अंधारात ठेवला, की नेमके त्या पेशींच्या जागीच काळे ठिपके उठतात.

१९६० च्या सुमारास या रीतीने दिसून आले, की स्वच्छमंडलाच्या वरच्या थरातील पेशी आठवडाभरात गळून नव्या येतात. त्या येतात कोठून? १९८९ साली अमेरिकेत कोट्सारेलिस व सहकाऱ्यांनी उंदरांना असे थायमिडीन देऊन काही आठवडे वाट पाहिली. भराभर दुभंगणाऱ्या पेशींतील खूण वाटली जाऊन फिकी पडली होती. ती टिकली होती सावकाश दुभंगणाऱ्या पेशींत. आणि त्या पेशी मध्यभागी नव्हत्या, तर पारदर्शक पडदा जेथे पांढऱ्या भागाला मिळतो, त्या काठाशी होत्या.

चुन्याने भावाचा हा काठच जाळला होता. पडदा नवा बसला, पण त्यावर पेशी पुरवणारे बियाणेच उरले नव्हते. दात्याचा त्यात काही दोष नव्हता.

२०१२ साली हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी एक सोपी रीत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या काठाचा दोन मिलिमीटर लांबरुंद तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जखमी डोळ्यावर गर्भावरणाचा पडदा पसरून त्यावर ते चिकटवायचे. बागेतल्या त्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग आमचंच काम झालं की, गुरुजी!”

भावावर अशी शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याने त्याला आता मोठी अक्षरे वाचता येतात. डबी कोणी हाती दिली, हे त्याला आठवत नाही. मीही कधी सांगितले नाही. हा अंक छापून आला, की एक प्रत त्याला पाठवणार आहे.