पाच किंवा सहा

ज्या खेळाच्या नावातच ड्रॅगन आहे, त्या खेळात ड्रॅगन क्वचितच भेटतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या कुणालाही विचारा. उंदीर भेटतात, गॉब्लिन भेटतात, सांगाडे तर पैशाला पासरी. ड्रॅगनपर्यंत पोचायला महिनोन्महिने लागतात. तेवढ्यात कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं, रविवारची दुपार कुणालाच जमेनाशी होते, आणि डोंगरातला तो ड्रॅगन डोंगरातच राहतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला, तेव्हापासून ड्रॅगनला रंगाप्रमाणे स्वभाव आहे. पांढरा गारठा सोडतो, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू, निळा वीज आणि लाल अर्थातच आग. त्या वेळी सोनेरी तेवढा सज्जन. त्या पहिल्या नियमांत ड्रॅगन गाढ झोपेत सापडण्याचीही शक्यता टक्क्यांत दिलेली होती. त्याला न मारता नमवून, बांधून विकताही येत असे. बैलबाजारात उभा केलेला ड्रॅगन! पुढच्या आवृत्त्यांनी ही गंमत काढून टाकली, ते मला काही पटलेलं नाही.

पुढे पुढे तर त्याचं सगळंच मोजून ठेवलं गेलं. २०१४ च्या आवृत्तीतला पूर्ण वाढलेला लाल ड्रॅगन घ्या: २५६ हिट पॉइंट म्हणजे तेवढा जीव, साठ फुटांपर्यंत पसरणारी आग, आणि त्या आगीसाठी सहा बाजूंचे अठरा फासे. एवढं छापून ठेवलेल्या प्राण्याला कोण भिणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. त्याने एकदा टेबलाशी बसून बघावं.

अठरा फासे एकट्या डीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, सहसा नसतात. मग वर्गणी निघते. कुणी दोन देतो, कुणी चार, कुणी आपला लाडका पारदर्शक निळा फासा जरा नाखुशीनेच पुढे सरकवतो. ज्या फाशांनी आपण भाजले जाणार, ते आपणच गोळा करून द्यायचे. डीएम ते दोन्ही ओंजळींत खुळखुळवतो, आणि इतका वेळ चिवडा खात गप्पा मारणारी पोरं एकदम गप्प होतात. बेरीज साधारण त्रेसष्टच्या आसपास येते. चपळाईने अंग चोरलं तर निम्मी. तरीही मागे उभ्या असलेल्या किडकिडीत जादूगाराच्या मालकिणीने डोक्याला हात लावलेला असतो.

पण खरी भीती त्यानंतरची. एकदा आग ओकली की ड्रॅगनला ती लगेच ओकता येत नाही. त्याची पाळी आली की डीएम एकच फासा टाकतो. एक ते चार पडले तर अजून उसंत आहे. पाच किंवा सहा पडले, तर छाती पुन्हा भरली. तीनात एक शक्यता, चौथीच्या मुलालाही कळेल असं गणित. तरी तो एक फासा घरंगळत वहीला आपटून थांबेपर्यंत कुणाचा श्वास धड चालत नाही. काही डीएम हा फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतात. माझ्या मते हा शुद्ध करंटेपणा आहे. तो सगळ्यांसमोरच पडला पाहिजे.

१९८१ च्या सोप्या आवृत्तीत याहून सुंदर नियम होता. त्या क्षणी ड्रॅगनचा जेवढा जीव उरला असेल, तेवढीच इजा त्याच्या फुंकरीने व्हायची. जखमी ड्रॅगनची आगही जखमी. म्हणजे पहिला घाव घालायला जितका उशीर, तितकी होरपळ जास्त. पानभर वर्णनाने जे साधलं नसतं, ते त्या एका ओळीने साधलं होतं.

आणि हा प्राणी बोलतो. टोल्कीनच्या स्मॉगचा तो वंशज, त्यामुळे गोड बोलून माणसाला गुंगवणं रक्तातच आहे. माझा लाडका पितळी ड्रॅगन, वाळवंटातला, आगीबरोबर झोपेचा वायू सोडणारा. त्याला गप्पांची विलक्षण हौस. तिसऱ्या आवृत्तीत तर असं आहे, की कुणी न बोलताच निघू लागलं तर हा त्याला झोपवतो, आणि जाग येते तेव्हा पाहुणा गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला असतो. यजमानांचं समाधान होईतो बसा बोलत. असे यजमान आपल्या नात्यागोत्यात प्रत्येकाने पाहिलेले आहेत.

ड्रॅगन खजिन्यावर का बसतो, हे मात्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गुप्तधनावर नाग बसतो, आणि तो नाग म्हणजे धनात जीव अडकून मेलेला घरातलाच कुणी म्हातारा, हे गावोगावी ऐकलेलं असतं. उत्तरेकडच्या कथांतला फाफ्निरही आधी ड्रॅगन नव्हताच. सोन्यापायी बापाला मारलं, ते सोनं राखत बसला आणि ड्रॅगन झाला. खेळातला ड्रॅगन मात्र आता जन्मतःच ड्रॅगन असतो. नाण्यांच्या ढिगावर लोळण्यासाठी त्याला आधी माणूस असावं लागत नाही.

ती उणीव खेळाडू भरून काढतात. ड्रॅगन पडला, टाळ्या झाल्या, की वह्या उघडतात. पन्नास नाणी म्हणजे एक पौंड वजन. ताकद सोळा असलेला गडी २४० पौंड वाहून नेतो, म्हणजे बारा हजार नाणी, तीही तलवार, दोर, शिधा सगळं टाकून दिलं तर. ढीग त्याच्या कितीतरी पट. मग तांब्याची नाणी सोडायची का, मेलेल्या जादूगाराचा हिस्सा कुणाचा, परत येईपर्यंत गुहेच्या तोंडाशी राखणीला कोण बसणार, आणि जो बसेल त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार, यावर आवाज चढतात. आगीपुढे एकमेकांना पाठीशी घालणारी हीच मंडळी. पुजाऱ्याचं पात्र घेतलेला मुलगा इतका वेळ गप्प होता. खाली गावात आपली दोन खेचरं बांधलेली आहेत, याची त्याने सर्वांना आठवण करून दिली आणि एका फेरीचं भाडं सांगितलं.