गाडीचा आकार आणि तीन हजार किलोंची रेघ

शासकीय योजनांमध्ये "लघु", "मध्यम" आणि "मोठा" हे शब्द आपण फार सहजपणे वापरतो. त्यांच्यामधली रेघ कोणी व का ओढली, याचा विचार सहसा होत नाही. परंतु त्या रेघेच्या अलीकडे राहायचे की पलीकडे जायचे हे ज्याला ठरवायचे असते, त्याच्यासाठी तो काही वर्षांच्या हप्त्यांचा प्रश्न असतो. जयपूरच्या नेमणुकीत असा एक प्रश्न माझ्यापुढे आला.

चौमूं हे जयपूरच्या उत्तरेस 30-35 किलोमीटरवर, सीकरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे तहसिलीचे गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर भाजीपाला आणि भुईमूग होतो. भाजी विकायची तर जयपूर शहर ओलांडून दक्षिणेकडच्या मुहाना मंडीपर्यंत पोचावे लागते, तेही उजाडण्यापूर्वी. आमच्या कार्यालयातील एका वाहनचालकाचे दोघे भाऊ तिथे शेती करतात. भाड्याच्या गाडीत पैसा जातो आणि ऐन तोडणीच्या दिवशी ती मिळेलच याची खात्री नसते, म्हणून त्यांनी स्वतःची पिकअप घेण्याचे ठरवले. धाकट्याला सर्वांत मोठी, पावणेदोन टनांच्या आसपास बोजा नेणारी गाडी हवी होती. थोरल्याचा कल सव्वा टनाच्या मधल्या गाडीकडे होता. घरात महिनाभर वाद चालला आणि शेवटी, "साहेब हिशेबाचे शिकलेले आहेत, त्यांनाच विचारू," असे ठरून दोघेही एका रविवारी आले.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. 2005 सालच्या मे महिन्यात टाटांची एस बाजारात आली. 702 सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल, एवढाच तिचा आवाका होता. तो प्रकल्प गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात उभा राहिला. तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामधली मोकळी जागा तिने भरली आणि लोकांनी तिला "छोटा हत्ती" म्हटले. तिच्या वरच्या पायरीवर बोलेरोसारख्या पिकअप आहेत. या भावांपुढचा पेच याच वरच्या पायरीवरचा होता.

अर्थशास्त्रात आम्ही अविभाज्यता नावाची गोष्ट शिकलो. गाडी अर्धी विकत घेता येत नाही. समजा, मधल्या गाडीच्या एका खेपेचा डिझेल, चालक व हप्ता धरून खर्च 2,400 रुपये आणि मोठीचा 2,900 रुपये. दोन्ही भरून गेल्या तर 12 क्विंटलला मधलीचा खर्च क्विंटलमागे 200 रुपये पडतो आणि 17 क्विंटलला मोठीचा सुमारे 170. धाकटा भाऊ हाच हिशेब मांडत होता आणि तो चूक नव्हता. पण माल आठच क्विंटल असेल तर मधली 300 रुपयांना पडते आणि मोठी सुमारे 362 रुपयांना. साडेचौदा क्विंटलच्या वर माल असेल तरच मोठी गाडी मधलीच्या सर्वोत्तम खर्चावर मात करते. तेव्हा खरा प्रश्न हौद्याच्या लांबीचा नव्हता. वर्षातून किती दिवस साडेचौदा क्विंटल माल निघतो, हा होता.

मी दोघांना आडत्याच्या वर्षभराच्या पावत्या काढायला सांगितल्या. आठवड्याने ते आले तेव्हा थोरल्याने मुलीच्या वहीत तारीखवार वजने उतरवून आणली होती. तसे दिवस हिवाळ्यातले थोडे, तेही सलग नव्हते. धाकटा म्हणाला, "शेजाऱ्यांचा माल घेऊन भरू." यावर थोरल्याचे उत्तर मला महत्त्वाचे वाटले : "आपली विहीर किती वर्षे चालेल ते सांग. शेजाऱ्याची तीच आहे." चौमूं ज्या गोविंदगढ ब्लॉकच्या परिसरात येते, तिथे भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. हप्ते पाच वर्षांचे आणि पाणी अनिश्चित. मोठी गाडी घेणे म्हणजे पाच वर्षे लागवड वाढत राहील अशी पैज लावणे होते, आणि तारण जमिनीचे होते.

आता प्रशासनाच्या बाजूविषयी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 66 नुसार एकूण भारासह 3,000 किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनाला परवाना लागत नाही. मोठी पिकअप भरलेल्या वजनात साडेतीन टनांच्या आसपास जाते, म्हणजे रेघेपलीकडे. चालकाच्या लायसन्सची रेघ मात्र वेगळी, 7,500 किलोंची. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला त्या मर्यादेतील मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. हे दोन्ही नियम त्या भावांना कोणी सांगितले नव्हते. विक्रेत्याने गाडीचे "पासिंग" सांगितले होते, परवान्याचा विषय काढला नव्हता.

बाजारात आणखी एक पर्याय सर्रास वापरला जातो : लहान गाडी घ्यायची, कमानपाटे वाढवायचे आणि दीडपट माल भरायचा. धाकट्यानेही तो सुचवला. अवजड ट्रकचा जादा भार रस्ता फोडतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या चाचण्यांतून अभियंत्यांनी असा ठोकताळा काढला, की आसावरचा भार दुप्पट केल्यास रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. पिकअपच्या बाबतीत रस्त्यापेक्षा ब्रेक आणि टायर आधी हार मानतात, आणि पहाटेच्या अंधारात त्या गाडीत घरचाच माणूस बसलेला असतो. एवढे सांगितल्यावर धाकटा गप्प झाला.

त्यांनी मधली गाडी घेतली. जास्त मालाच्या दिवसांत दुसरी भाड्याने घ्यायची, असे ठरले. धाकट्याची नाराजी अजून पुरती गेलेली नाही आणि पाऊस सलग चांगला झाला तर त्याचेच म्हणणे खरे ठरेल, हेही मी त्याला सांगितले आहे.

आपण अधिकारी कायद्यात एक आकडा लिहितो आणि पुढे त्यावरून लोक कर्ज काढतात, गाड्या घेतात. तो आकडा बदलावा की नाही, हा वेगळा विषय आहे. पण आर.टी.ओ. आणि कृषी उपज मंडीच्या दारात, स्थानिक भाषेत, कोणत्या वजनाच्या गाडीला काय लागते याचा एक साधा फलक लावायला कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही. तो जिल्हा पातळीवर एका दिवसात होण्यासारखा आहे.