वीस मिनिटांचं पाणी

परळच्या चाळीत नर्सचं बिऱ्हाड असणं यात नवल काही नाही. १९२६ साली केईएम उभं राहिलं, वाडिया आलं, पुढे टाटा आलं, आणि गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या या भागात ड्यूटीच्या वेळेवर उठणारी माणसंही राहायला आली. भोंगे कधीच थांबले. ड्यूट्या चालूच आहेत.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर त्यांतलीच. नाइट करून ती सकाळी उशिरा घरी येते, चहा घेते, खिडकीला जाड चादर लावते आणि झोपते. चाळीची दुपार ही तिची मध्यरात्र. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिची कडी वाजतेच. कुणाला बीपी बघून हवं असतं, कुणाला रिपोर्ट वाचून. ती नाही म्हणत नाही, आणि तिच्या त्या न म्हटलेल्या नाहीचा आम्ही फार फायदा घेतो असं मला नेहमी वाटत आलंय.

त्या दुपारी मात्र कडी वाजवायची गरजच पडली नाही. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. शेजारच्या खोलीत वहिनी चकल्या तळत होत्या. कढई कलंडली आणि उकळतं तेल डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सांडलं. ती किंकाळी खालच्या दुकानापर्यंत गेली असेल. क्षणात दारात गर्दी झाली. एकीच्या हातात हळदीचा डबा, दुसरीच्या हातात टूथपेस्ट, कुणी फ्रीजमधला बर्फ घेऊन धावत आलेलं. प्रत्येकाचा जीव तुटत होता, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या वाटेत येत होता.

सिस्टर आली ती गाऊनवर ओढणी टाकून, केस सुटलेले, डोळे लाल. तिने सगळ्यांत आधी गॅस बंद केला. तोपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हळद नको. पेस्ट नको. बर्फ तर अजिबात नको. वहिनींना मोरीत बसवा आणि पाणी आणा."

पण नळ कोरडा. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. दिवसभर जे काही असतं ते पिंपातलं. चाळीत साठवलेल्या पाण्याची किंमत काय असते ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. त्यावरून इथे वर्षानुवर्षं अबोले चाललेत. ती म्हणाली, "प्रत्येक घरातून एक कळशी," आणि गॅलरीतून कळश्या येऊ लागल्या. अबोला धरलेल्या घरातूनही आली. सहावीतल्या एका मुलाच्या हातात तिने तांब्या दिला. "संथ धार धरायची. थांबायचं नाही." मला म्हणाली, "तुम्ही घड्याळ बघा. वीस मिनिटं."

वीस मिनिटं म्हणजे किती, हे धार धरून बघावं. तेल निथळून गेलं तरी आच कातडीत खोल उतरत राहते आणि वाहतं पाणी ती ओढून घेतं, असं ती धार चालू असतानाच सांगत होती. भाजल्यावर तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो. बर्फाने मात्र रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. वहिनी कुडकुडायला लागल्या तशी तिने त्यांच्या पाठीवर शाल घालायला लावली.

मग बांगड्यांचा प्रश्न आला. मनगटात हिरवा चुडा होता. आजी कळवळल्या, "ऐन दिवाळीत सवाष्णीच्या हातातल्या..."

"आजी, तासाभरात मनगट सुजेल, मग काच रुतेल. तुमच्याच हाताने वाढवा. मी हात धरते."

आजींनी फडक्यात एकेक बांगडी धरली आणि दाबली. फडक्यातल्या फडक्यात बारीक कटकट आवाज होत होता. एकही कपची कातडीला लागली नाही. अंगठी शेवटी निघाली.

सिस्टरने स्वतः असं फारच थोडं केलं. तिने कामं वाटली. घाबरलेल्या माणसाला हातात काही धरायला हवं असतं. आम्ही हळद आणि पेस्ट धरली होती, तिने ती काढून घेऊन कळशी, तांब्या, घड्याळ, फडकं दिलं. वॉर्डात चाळीस खाटांमागे दोन हात कमी पडतात तेव्हा बहुधा हेच करावं लागत असेल. हे औषधाइतकंच मोठं शास्त्र आहे, आणि त्याला आपण कधी मान देत नाही.

रुग्णाचा स्वतःचा पंजा म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का. त्या मापाने तिने जखम नजरेने मोजली. फोडांना हात लावू दिला नाही. धुतलेलं सुती धोतर सैल गुंडाळलं. "शुद्धीत आहेत, श्वास नीट आहे, टॅक्सीने चला," म्हणाली आणि तीही टॅक्सीत बसली. परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या रात्रीही तिची नाइट होती. डबा घेऊन ती तशीच गेली.

वहिनींचा हात भरून आला. मूठ उघडण्या-मिटण्याचा व्यायाम सिस्टरनेच करून घेतला. सत्यनारायणाला तिचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "शाल-नारळ नको. एका रविवारी सगळ्यांनी अर्धा तास द्या."

त्या रविवारी गॅलरीत सतरंजी अंथरली, तीवर एक उशी ठेवली. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची हे ती शिकवत होती: मिनिटाला शंभर ते एकशे वीस, निदान पाच सेंटिमीटर खोल. पहिला नंबर आजींनी लावला. पदर खोचून, कोपरं ताठ करून त्या उशीवर वाकल्या.

"आजी, अजून जोर लावा," सिस्टर म्हणत होती. "मोठ्याने मोजा. आम्हाला ऐकू येऊ दे."