थांबलेली लाट

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर लाटांची छायाचित्रे काढण्याचा छंद आम्हांस जडला, त्यास बरीच वर्षे लोटली. सकाळची मिस्सा आटोपली की तिपाई खांद्यावर टाकून आम्ही निघत असू.

लाट टिपणे हा काळाशी मांडलेला हिशेब आहे. शटर १/१००० सेकंद उघडले, तर तुषाराचा थेंब न् थेंब हवेत गोठतो. अर्धा सेकंद उघडे ठेवले, तर परतणाऱ्या पाण्याच्या रेघा वाळूवर उमटतात. भिंगावर काळपट काच चढवून ३० सेकंद ठेवले, तर साऱ्या लाटा पुसल्या जाऊन समुद्राचे शुभ्र धुके होते. हे धुके आम्हांस फार प्रिय. त्यात आम्हांस प्रार्थनेची शांती दिसे.

असेच एक चित्र सणाच्या दिवशी चर्चच्या सभागृहात लावले होते. कोळीवाड्यातील एक विधवा त्यापुढे थबकली. तिच्या घरधन्यास दर्याने नेले होते. दफनविधी आम्हीच केला होता. ती हलकेच म्हणाली, "फादर, ह्या पाण्यात माणूस बुडेल कसा?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या शांतीने तिचे दुःखच पुसून टाकले होते.

ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ साली सेत येथे भूमध्य समुद्राची मोठी लाट टिपली. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असत. समुद्र नीट उमटावा, तर आकाश कोरे पडे. म्हणून त्याने आकाशाची व समुद्राची वेगवेगळी काच घेऊन क्षितिजरेषेवर दोन्हींचा सांधा जुळविला. आम्ही मात्र आकाशाच्या ओढीने समुद्रच कोरा केला होता!

पुढे नारळी पौर्णिमेच्या सुमारास, खवळलेल्या भरतीपुढे उभे राहून, आम्ही शटर १/८ सेकंदावर ठेवले. लाटेचा कणा स्पष्ट राहिला, फेस मात्र ओढल्यासारखा धावला. चित्र सुबक नव्हते. कडेला आमच्या भिजलेल्या भिंगाचा डागही होता.

ते घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. तिने ते पुष्कळ वेळ न्याहाळले, फेसावरून बोट फिरविले आणि म्हणाली, "हा तो."

मग तिने आम्हांस बसावयास पाट दिला. त्या दिवशी प्रथमच ती आपल्या धन्याविषयी बोलली, आणि आम्ही केवळ ऐकत राहिलो.