नारळाला मिळालेले श्रेय

जुनी गाडी मध्येच बंद पडू लागली की मालकाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक सांगतो, मोठा खर्च काढ आणि पंपच बदलून टाक. दुसरा सांगतो, जागेवाल्याला नारळ दे, गाऱ्हाणे घाल. दोघांपैकी एकानेही गाडीकडे नीट पाहिलेले नसते. आपल्या हर्णे बंदरात नुकतेच जे घडले ते समाजबांधवांपुढे मांडावेसे वाटते, कारण प्रश्न एका गाडीपुरता नाही.

आमच्या बौद्धवाडीतील एका तरुणाने पतसंस्थेचे कर्ज काढून जुनी डिझेल जीप घेतली. मासळीच्या लिलावाला येणारी-जाणारी माणसे आणि दापोलीच्या बाजाराचे भाडे यावर त्याचे घर चालते. हर्णे ते दापोली हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. परंतु आसूदच्या पुढे चढ लागला की गाडी आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास उभी राहिली की पुन्हा चालू होई. हे आठवड्यातून चार-पाच वेळा होऊ लागले, तसे गिऱ्हाईक तुटले. गॅरेजवाल्याने पंपाचा खर्च सांगितला. तो ऐकून सुनेने गळ्यातले डोरले मोडायची तयारी केली. आईचे म्हणणे वेगळेच. "त्या वळणावर नारळ फोडला की गाडी सुरू होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," असे ती माउली शपथेवर सांगे. त्यातच २० मार्चला चवदार तळ्यावर जाण्यासाठी वाडीतील वृद्ध माताभगिनींनी हीच गाडी ठरवलेली. चढावर गाडी बंद पडली तर म्हातारी माणसे रस्त्यावर!

एस.टी.त मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ बंधू वाडीत राहतात. सारे त्यांना तात्या म्हणतात. तरुण त्यांच्याकडे गेला.

"तात्या, पंप गेला म्हणतात."

"बाळा, पंप गेला असता तर अर्ध्या तासाने परत कसा आला?"

या एका प्रश्नात सारा तपास होता. वास्तविक डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. त्याला हवे वेळेवर आणि पुरेशा दाबाने येणारे डिझेल. ते टाकीतून नळीवाटे फीड पंपात, तिथून फिल्टरमध्ये, मग मोठ्या पंपात आणि शेवटी नोझलमधून इंजिनात जाते. या वाटेवर कुठेही अडले, किंवा ढिल्या जोडातून हवा शिरली, तर इंजिन उपाशी राहते. हवा दाबली जाते, म्हणून नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. आणि चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागते. म्हणून सपाटीवर लपून राहिलेला दोष चढावरच उघडा पडतो. वळणाचा त्यात काहीच अपराध नाही.

मी कारकून माणूस. ताळा जमला नाही तर आम्ही पहिल्या नोंदीपासून पडताळत येतो. तात्यांनीही तेच केले. आधी स्वस्त, मग महाग. टाकीतले डिझेल काढून पाहिले. खाऱ्या हवेने पत्र्याला गंज धरतो, पावसाळ्यात टाकीत पाणी साचते. थोडा गाळ निघाला, तो साफ केला. फिल्टर बदलला. नळ्यांचे जोड आवळले. तरीही दुसऱ्या दिवशी गाडी त्याच चढावर थांबली.

चाकामागे दगड लावले. आई नारळ घेऊन खाली उतरली. तात्या म्हणाले, "वहिनी, आज दहा मिनिटं नारळ हातातच ठेवा." मग त्यांनी टाकीचे झाकण उघडले. फुस्स करून हवा आत गेली. आम्ही सर्वांनी ऐकले. फीड पंपावरचा हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत हवा काढली आणि चावी फिरवली. गाडी चालू!

मूळ झाकण केव्हातरी हरवले होते. त्या जागी प्लॅस्टिकची पिशवी घालून वरून घट्ट झाकण बसवले होते. डिझेल खर्च होईल तशी बाहेरची हवा टाकीत यायला हवी, त्यासाठी मूळ झाकणाला बारीक छिद्र असते. ते नसल्याने टाकीत पोकळी होई आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नसे. बंदरावरून निघाल्यापासून आसूदच्या चढापर्यंत ही पोकळी पुरेशी वाढे. गाडी उभी राहिली की फटीतून हळूहळू हवा शिरे. तेवढ्यात नारळ फुटलेला असे, आणि श्रेय नारळाला मिळे!

तात्या एवढ्यावर थांबले नाहीत. नवे छिद्राचे झाकण बसवून गाडी दोन दिवस दापोलीला नेली, बंद पडली नाही. मग मुद्दाम पिशवी लावून नेली, त्याच चढावर बंद पडली. आईने हे स्वतः पाहिले. तिने पूर्वी पाहिले होते तेही खोटे नव्हते. नारळानंतर गाडी खरेच चालू होत होती. परंतु एकामागून दुसरे घडले म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले, असे होत नाही.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. गॅरेजवाल्याचा शब्दही या पारखीतून सुटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. आज आपल्या कित्येक गाड्यांत काचेवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि खाली बंपरला लिंबू-मिरची लटकत असते. बंधूंनो, गाडीचे नुकसान भरून येते. पण हाच विचार घरात लेकराला ताप चढल्यावर केला आणि दवाखान्याऐवजी भगताचे दार गाठले, तर गेलेला वेळ परत येत नाही.

म्हणून घरातल्या मुलामुलींना लहानपणापासून एक प्रश्न विचारायला शिकवा, 'हे कशामुळे झाले?' उत्तर मिळाले की ते तपासायलाही शिकवा. २० मार्चला आमच्या माताभगिनी त्याच जीपने महाडला गेल्या आणि चवदार तळ्याला वंदन करून त्याच दिवशी सुखरूप परत आल्या. सुनेचे डोरले गळ्यातच राहिले.

जय भीम! नमो बुद्धाय!