पिल्लाचा प्रवास : दुबई ते मुंबई

दुबईच्या विमानतळावर कधीकधी एखाद्या अरब प्रवाशाच्या हातावर डोळ्यांना टोपडे घातलेला ससाणा दिसतो. अमिरातीत २००२ पासून ससाण्यांना स्वतःचा पासपोर्ट मिळतो. काही विमानांत तर त्यांना प्रवाशांच्या शेजारीच जागा मिळते. कुत्र्याच्या पिल्लाचे नशीब वेगळे. ते बहुधा पिंजऱ्यात बसून विमानाच्या पोटातून जाते.

नोकरी संपली की आपली कोकणातली कुटुंबे सामान किलोकिलोने तोलून गावी परततात. राखणीसाठी पाळलेल्या पिल्लाचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. भारतात आणायचे तर लशीनंतर महिना उलटावा लागतो. शिवाय तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचा दाखला हवा आणि इथल्या पशु संगरोध विभागाची परवानगी हवी. मुंबईत उतरल्यावर याच विभागाचे डॉक्टर पिल्लाला तपासतात.

विमान तीनेक तासांत पोहोचते, पण आधीचे थांबणेच जास्त असते. उन्हाळ्यात दुबईचा पारा चाळिशीच्या वर जातो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास होतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना घेतच नाहीत. पिंजरा असा हवा की पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल. काही आठवडे आधीपासून त्याला घरातच त्या पिंजऱ्यात झोपवावे. गुंगीचे औषध देऊ नये, उंचीवर ते श्वासावर आणि रक्तदाबावर परिणाम करते.

कुत्रा घरात ठेवण्याबाबत आपल्याकडे मर्यादा आहेत. राखण, शिकार आणि गुरे यांसाठी परवानगी आहे. पण पाळल्यावर त्याला वाऱ्यावर सोडण्याची परवानगी कुठेच नाही. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला. तहानेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते.

तेव्हा तिकिटाच्या आधी पिल्लाचे कागद काढा. नेणे जमणारच नसेल, तर त्याच्यासाठी चांगले घर शोधून मगच निघा. मुके जनावरही अमानतच आहे.